कटेटेजवळच्या शाळेचा नकाशा

झांबियात ‘कम्युनिटी स्कूल’ म्हणून ज्या शाळा ओळखल्या जातात त्या सरकारनं काढलेल्या नाहीत. १९९० च्या दशकात कर्जात बुडालेल्या सरकारनं शिक्षणावरचा हात आखडता घेतला, एड्सनं घरंच्या घरं पोरकी केली, फी आणि गणवेश परवडेना म्हणून मुलं घरी बसली. तेव्हा वस्त्यांनी आणि खेड्यांनी आपापल्या शाळा स्वतःच उभ्या केल्या. कुठे चर्चच्या पडवीत, कुठे गवताच्या छपराखाली, कुठे नुसत्या झाडाखाली. लुसाका शहरातल्या मिसीसी या गरीब वस्तीत १९९२ मध्ये निघालेली शाळा त्यातली पहिली मानली जाते. पुढे अशा शाळा हजारोंनी झाल्या आणि २०११ च्या शिक्षण कायद्यात त्यांना जागा मिळाली. शिकवणारी व्यक्ती बहुधा गावातलीच, जेवढं शिकायला मिळालं तेवढं शिकलेली. तिचा पगार म्हणजे पालकांना जमेल तेव्हा मका, जमेल तेव्हा चार पैसे, कित्येकदा काहीच नाही.

२०२२ मध्ये तिथल्या सरकारनं माध्यमिक शाळेपर्यंतची फी बंद केली आणि त्याच वर्षी तीस हजारांवर शिक्षक भरले. मुलं लोंढ्यानं शाळेत परतली. खोल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.

माझी मुलगी पुण्यात आर्किटेक्ट आहे. पूर्व झांबियात कटेटेजवळच्या एका गावाच्या अशाच शाळेचा आराखडा करायचं काम तिच्याकडे आलं. मुलांनी बोलावं, करून बघावं, खेळावं, गावानंही शाळेत यावं, अशी जागा हवी एवढंच मागणीत लिहिलेलं होतं. माझा भाऊ सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवत मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाला. त्याला दाखवल्याशिवाय नकाशा पुढे पाठवायचा नाही, असं तिनंच ठरवलं होतं. दोघांचं जे बोलणं झालं त्यातलं मला मोलाचं वाटलेलं इथे मांडते आहे. जिथे राहवलं नाही तिथे मीही बोलले आहे.

भाची : मामा, आधी हवामान बघा. ऑक्टोबरात तिथे अंग भाजतं, नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, जून-जुलैत सकाळी मुलं कुडकुडत येतात. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, म्हणजे पहिलं सत्र ऐन पावसात. उघड्या पत्र्यावर सर आली की शिक्षकाचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही. मग तो फळ्यावर लिहितो आणि ‘उतरवून घ्या’ म्हणतो. दुसरं करणार काय? आणि बाहेरचे लोक येऊन म्हणतात, इथे घोकंपट्टी चालते, मुलं प्रश्नच विचारत नाहीत. अहो, विचारलेला प्रश्न ऐकू तर गेला पाहिजे!

मामा : हे पटलं. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोननंतर मुलांच्या माना कशा पडतात ते मी आयुष्यभर पाहिलंय. पण त्याच मुलांना लिंबाखाली आणून बसवलं, तरी धडा तोच राहतो आणि शिकवायची तऱ्हाही तीच. मुलांच्या अंगाला वारा लागतो, तेवढा फरक. तू म्हणतेस तो फरक इमारतीनं पडेल असं मला वाटत नाही.

भाची : पडतो. गांदोचं उदाहरण घ्या. बुर्किना फासोमधलं हे खेडं, तेंकोदोगो शहराजवळ. तिथल्या प्रमुखाचा मुलगा डिएबेडो फ्रान्सिस केरे, जन्म १९६५. गावात शाळा नाही म्हणून सातव्या वर्षी घर सोडून तेंकोदोगोला गेला. तिथला वर्ग म्हणजे मुलांनी खच्चून भरलेली, उजेड नसलेली, तापलेली खोली. पुढे १९८५ मध्ये सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर बर्लिनला पोचला आणि नंतर वास्तुशास्त्राकडे वळला. अजून शिकतच होता तेव्हा पैसे जमवून त्यानं गावात शाळा बांधली. २००१ मध्ये ती पुरी झाली. एका ओळीत तीन वर्ग आणि दोन वर्गांच्या मध्ये छपराखालची मोकळी जागा. भिंती गावच्याच मातीच्या. थोडं सिमेंट मिसळून मशीनवर हातानं दाबलेल्या विटा. आता छप्पर नीट बघा. वर्गावर विटांचंच आढं घातलंय, त्यात फटी ठेवल्यात. त्याच्यावर हातभर अंतर सोडून, लोखंडी सळयांच्या कैच्यांवर पत्रा उचलून धरलाय. खोलीतली गरम हवा फटींतून वर निघते आणि पत्र्याखालून वाहून जाते, खालून खिडक्यांतून गार हवा आत येते. ना पंखा, ना वीज. पावसाचा आवाज पत्र्यावर होतो पण मध्ये विटांचा थर आहे. सळया अशासाठी की त्या खांद्यावर वाहून नेता येतात. क्रेन लागत नाही, गावातली माणसं करवतीनं कापून वेल्डिंग करून कैच्या बनवू शकतात. शाळा सुरू झाली तेव्हा सव्वाशेच्या आत मुलं होती, पुढे सातशेवर गेली.

मामा : ती शाळा चांगलीच आहे. पण केरे त्या गावचा. सुट्टी संपवून तो परत निघायचा तेव्हा गावातल्या बाया त्याच्या हातात जवळचं शेवटचं नाणं ठेवायच्या, असं त्यानं भाषणात सांगितलंय ना? तूच मला ऐकवलं होतंस. मातीची भिंत पावसात टिकणार नाही म्हणून गावानं नाक मुरडलं, तेव्हा त्यानं कमान बांधून त्यावर उड्या मारून दाखवल्या. घरच्या माणसाचं ऐकून घेतात. तू कटेटेला कोण? तुझ्या कमानीवर तू उडी मारलीस तर ते टाळ्या वाजवतील आणि तू विमानात बसल्यावर पुन्हा सिमेंटचे ठोकळे मागतील.

यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटतं, नकाशावरचा सगळ्यांत कठीण प्रश्न हाच होता आणि त्याला रेघांनी उत्तर देता येत नाही. बाहेरच्या माणसानं आफ्रिकेत शाळा बांधावीच का, इथपर्यंत तो जातो. माझं मत असं की बोलावणं आलं असेल तर जावं, पण ज्याला आपण ‘समाजाचा सहभाग’ म्हणतो तो आपल्या सोयीनं मोजू नये.

मामा : लागोसची ती तरंगती शाळा आठव. मकोको वस्तीतली.

भाची : कुन्ले अदेयेमीची. खाडीच्या पाण्यावर, पिंपांच्या तराफ्यावर उभारलेली लाकडी, तिकोनी, तीन मजली. २०१३ ची.

मामा : जगभर छायाचित्रं गेली. २०१६ मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात तिच्या दुसऱ्या आवृत्तीला बक्षीस मिळालं आणि त्यानंतर काही दिवसांतच, जूनमध्ये, मूळची शाळा वादळी पावसात कोसळली. नशीब, मुलं आत नव्हती. धोका दिसला म्हणून आधीच बाहेर काढली होती. मला त्या वास्तुकाराला दोष द्यायचा नाही, त्यानं प्रयोग केला. पण त्या वस्तीत रोजच्या दुरुस्तीचा हिशेब कुणाकडे होता? दोर कुणी तपासायचे, कुजलेली फळी कुणी बदलायची? तुझ्या उचललेल्या पत्र्याचंही तेच. वारा खालून घुसेल आणि पत्रा उडवून नेईल. झांबियात शाळांचे पत्रे उडतात, हे तूच वाचून दाखवलंस.

भाची : उडतात, कारण कैच्या भिंतीला नुसत्या टेकवलेल्या किंवा तारेनं बांधलेल्या असतात. मी भिंतीच्या डोक्यावरून चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा फिरवला आहे, त्यात सळया गाडून कैच्या पक्क्या केल्यात. पत्र्याची बाहेर आलेली झालरही केरेच्या शाळेपेक्षा कमी केली आहे. छपरात लाकूड कुठेच नाही, वाळवी तिथे सहा महिन्यांत काम उरकते. विटाही भाजायच्या नाहीत. त्या भागात लोक वारुळाच्या मातीच्या विटा पाडतात, माती उत्तम, पण भट्टीत भाजायला जंगल तोडावं लागतं. आपल्याला दाबविटा पुरतील. मशीन गावाकडेच ठेवायचं.

मामा : मशीन बिघडलं की?

भाची : मामा!

मामा : मी चेष्टा करत नाही. तुझ्या नकाशात शाळेच्या आवारात हातपंप आहे. कुठला?

भाची : इंडिया मार्क टू. झांबियात तोच सर्रास आहे.

मामा : तो पंप आपल्याकडचा आहे, ठाऊक आहे? जालन्याला आणि सोलापूरला मिशनच्या लोकांनी विहिरींवरचे पंप सतत मोडतात म्हणून पोलादी पंप घडवला. सोलापूर पंप म्हणायचे त्याला. त्याच्यावरून १९७० च्या दशकात इंडिया मार्क टू तयार झाला आणि जगभर गेला. इतका दणकट, तरी आमच्या तालुक्यात कितीतरी पंप वॉशरअभावी पडून असायचे. पंपाला खोट नव्हती. वॉशर तालुक्याला, मिस्त्री दुसऱ्याच गावी आणि पैसे कुणी द्यायचे यावर ग्रामपंचायत आणि शाळा यांचं एकमत नाही. झांबियात पंप दुरुस्त करणारे गावोगावचे मिस्त्री असतात ना?

भाची : असतात. ‘एरिया पंप मेंडर’ म्हणतात त्यांना.

मामा : मग त्या माणसाचं घर शाळेपासून किती लांब, हे तुझ्या नकाशात हवं. मी थट्टेनं म्हणत नाही. नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण असतो तसा तो माणूसही लिही. आणि श्रमदानाचं काय ठरलंय? वाळू, खडी, विटा, पाणी गावाचं. सिमेंट आणि पत्रा बाहेरून?

भाची : हो. तिथली रीतच आहे ती.

मामा : पाणी कोण आणणार? बाया. डोक्यावर. वाळू कोण चाळणार? बाया. जानेवारी ते मार्च घरातला मका संपलेला असतो, नवं पीक एप्रिलात. त्या तीन महिन्यांत एक वेळ जेवून माणसं रोजगाराला जातात आणि आपण त्यांना म्हणणार, शाळा तुमची आहे, या फुकट राबायला. लुसाकातल्या श्रीमंत भागात शाळा बांधताना कुणी पालकांना विटा वाहायला बोलावतं का? लोकवर्गणीचं मोल मी जाणतो. आपल्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहं लोकांनी दिलेल्या धान्यावर चालली. झांबियाचंही विद्यापीठ १९६६ मध्ये सुरू झालं तेव्हा शेतकऱ्यांनी मका आणि गुरं दिली होती म्हणतात. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साऱ्या देशात जेमतेम शंभर पदवीधर होते, म्हणून लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलं. पण मनानं दिलेलं आणि अट म्हणून घेतलेलं, यात फरक आहे.

इथे माझी मुलगी वहीत लिहायला लागली. काम मे ते सप्टेंबरात, पीक घरात आल्यावर आणि पाऊस सुरू व्हायच्या आत. विटा पाडणाऱ्यांना मजुरी. गांदोत काम शिकलेल्या गावकऱ्यांना पुढे इतर ठिकाणच्या बांधकामांवर पगारी काम मिळालं, हा केरेच्या कामाचा फारसा न बोलला जाणारा भाग तिनं मामाला सांगितला. विटा पाडणाऱ्यांत निम्म्या बाया असाव्यात आणि वेल्डिंगही त्यांना शिकवावं, असं मी सुचवलं. दोघांनीही मान्य केलं.

मग गाडी ‘सर्वांगीण’ शिक्षणावर आली. नकाशात दक्षिणेला शाळेची शेती होती, भुईमुगाचे आणि मक्याचे वाफे, कोंबड्यांचं खुराडं, सुतारकामाची उघडी शेड.

मामा : हे काढून टाक.

भाची : का? भाऊराव पाटलांच्या रयत संस्थेचं नाव आत्ताच घेतलंत. कमवा आणि शिका!

मामा : भाऊरावांकडे मुलगा राबायचा तो बॅरिस्टर होण्यासाठी. शेतीत राहण्यासाठी नाही. आफ्रिकेत हे नीट उलगडून बघ. टांझानियात १९६७ मध्ये अध्यक्ष न्येरेरेंनी स्वावलंबनाचं शिक्षण मांडलं. प्रत्येक शाळेला शेत. कल्पना मोठी होती. पण शेत म्हणजे बिनपगारी काम, आणि पुष्कळ ठिकाणी उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा, असं होऊन बसलं. झांबियात अध्यक्ष काउंडांनी सत्तरच्या दशकात शाळाशाळांतून उत्पादन विभाग काढले, १९७६ च्या शिक्षण-सुधारणेच्या मसुद्यात शिक्षण आणि श्रम एकत्र आणायचं ठरवलं. लोकांपुढे चर्चेला ठेवलं तेव्हा पालकांनीच विरोध केला. मुलं शाळेत घालतो ती कुदळीतून सुटावीत म्हणून, आणि तुम्ही शाळेत पुन्हा कुदळच देता?

भाची : पालकांचं चुकलं असेल.

मामा : नाही चुकलं. फिलिप फॉस्टर नावाच्या अभ्यासकानं घानाबद्दल १९६५ मध्येच लिहून ठेवलंय. मुलं पुस्तकी शाळांकडे धावतात ती अडाणीपणानं नाही, पगार कारकुनाला मिळतो आणि शेतकऱ्याला मिळत नाही हे त्यांना दिसतं म्हणून. शाळेत सुतारकाम ठेवून बाजार बदलत नाही.

भाची : मग बोत्स्वानातल्या स्वानेंग हिलचं काय? दक्षिण आफ्रिकेतल्या वंशवादी सरकारच्या नोकरीचा राजीनामा देऊन आलेले पॅट्रिक व्हान रेन्सबर्ग. सेरोवेला १९६३ मध्ये त्यांनी शाळा काढली, मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून ती बांधली. १९६५ पासून प्राथमिकनंतर शाळा सुटलेल्या मुलांसाठी ‘ब्रिगेड’ निघाल्या, आधी गवंड्यांची, मग इतर. मुलं काम शिकत शिकत कमावत होती आणि रोज थोडा वेळ वर्गातही बसत होती. ते टिकलं.

मामा : टिकलं, कारण गवंडीकामाला देशात मागणी होती. नवा देश, नवी गावं, घरं बांधायची होती. त्यांनी आधी मागणी पाहिली. तू खुराडं पाहिलंस.

मला हे थोडं कठोर वाटलं. मी म्हणाले, मुलानं बी पेरून बघणं आणि मुलाच्या श्रमावर शाळेचा खर्च चालवणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतील. वाफा हातरुमालाएवढा असला तरी त्यात भुईमूग मोजता येतो, रोप उपटून मुळांवरच्या गाठी बघता येतात, कुठल्या ओळीत जास्त उगवलं ते वहीत मांडता येतं. शेवटी शेती गेली, चार छोटे वाफे राहिले, वर्गांच्या अगदी लगत. कोंबड्या गेल्या. सुतारकामाची शेड राहिली, पण ती शाळेच्या खिडक्या दुरुस्त करण्यासाठी, गावातल्या एखाद्या सुताराला भाडं न घेता द्यायची. त्यानं तिथे आपला धंदा करावा, मुलांनी बघावं, हवं त्यानं हात लावावा.

यानंतरचं बोलणं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण तोवर एकमेकांविरुद्ध बोलणारी ही दोन माणसं इथे एकाच कागदावर आली.

मामा : खरं दुखणं सांगू? जागतिक बँकेच्या २०२२ च्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दहा वर्षांच्या दहा मुलांतली जवळजवळ नऊ मुलं साधा मजकूर वाचून समजू शकत नाहीत. पाचवीच्या वर्गात पाचवीचं पुस्तक उघडलं की बहुतेक पोरं हरवलेली असतात. ‘बोला, प्रश्न विचारा’ म्हणून काय उपयोग? आपल्याकडे ‘प्रथम’ या संस्थेनं हे ओळखलं. १९९५ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांत माधव चव्हाणांनी आणि फरिदा लांब्यांनी काम सुरू केलं. पुढे त्यातून एक साधी पद्धत निघाली. एका कागदावर अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मुलाला जवळ बसवून वाचायला सांगायचं. जिथे अडेल तिथे त्याचा गट. इयत्ता बाजूला ठेवायची. तिसरी-चौथी-पाचवीची अक्षरगटातली सगळी मुलं एकत्र, शब्दगटातली एकत्र. रोज तास-दीड तास.

भाची : हीच पद्धत झांबियात गेली आहे मामा. २०१६ मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयानं ‘कॅच अप’ नावानं पूर्व आणि दक्षिण प्रांतांत करून बघितली, तिसरी ते पाचवीसाठी, आणि मग वाढवत नेली.

मामा : मग तुझा नकाशा त्या तासाप्रमाणे का नाही? घंटा झाली की तीन वर्गांतली दीडशे-दोनशे पोरं उठून आपापल्या गटात जाणार. तुझी दारं एवढीशी. व्हरांडा पाच फुटी. आणि हे काय, जमिनीत रोवलेली बाकं? त्या तासाला पोरं खाली गोल बसतात. मधोमध मास्तर, समोर अक्षरांचे पत्ते, हातात काड्यांच्या जुड्या, दहाची जुडी आणि सुट्या काड्या. बाकावर बसून हे होत नाही.

भाची : चोरीला जातात म्हणून रोवली होती...

मामा : बाकंच नकोत. त्या पैशाचा कोबा कर. गुळगुळीत, पुसता येईल असा, जोतं चांगलं उंच घेऊन, म्हणजे पावसात ओल येणार नाही आणि जून-जुलैत खाली चटई टाकून बसता येईल. भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत काळा रंग, चारी बाजूंनी. मास्तरांचा फळा एक, पोरांचे चाळीस. आणि ‘बोलक्या भिंती’ रंगवून घेऊ नकोस. आपल्याकडे ठेकेदार येतो, ग्रहमाला आणि पाढे रंगवतो, महिन्याभरानं पोरं त्याकडे बघेनाशी होतात. मोकळी काळी भिंत रोज नवी असते.

ती हसली आणि व्हरांडा दहा फुटांचा केला. दोन वर्गांमधली छपराखालची जागा, जी गांदोवरून घेतली होती, तिला आता काम मिळालं: अक्षरगट तिथे बसणार. वर्गाची दारं रुंद, समोरासमोर. एका गटाचा गलका दुसऱ्याला नको म्हणून मधल्या भिंती आढ्यापर्यंत भरीव. मग तिनं आवारातल्या तीन ‘न्साका’ दाखवल्या. न्साका म्हणजे गवतानं शाकारलेली, चारी बाजूंनी उघडी, बहुधा गोल चावडी. गावातले म्हातारे तिथे बसतात, तंटे मिटवतात, पोरांना गोष्टी सांगतात. मामाला ती मनापासून आवडली. गवत दर काही वर्षांनी बदलावं लागेल, पण ते काम गावाला येतं, त्याला कुठला सुटा भाग लागत नाही. एका न्साकाच्या फरशीत तिनं ‘न्सोलो’चे खड्डे कायमचे ओतायचे ठरवले होते. हा बिया आणि खड्ड्यांचा खेळ, खड्ड्यांच्या चार ओळी, बिया मोजत पुढे पेरत जायच्या आणि समोरच्याच्या घ्यायच्या. मामाचा इथे विरोध.

मामा : जमीन मातीची ठेव. पोरं स्वतः खड्डे उकरतील. आज सहाची ओळ, उद्या आठची. लहान पोरं छोटा पट करतील. सिमेंटमध्ये ओतलंस तर एकच पट उरेल, आणि त्यावर मोठी पोरं बसतील.

भाची : बरं. पण भाषेचं काय? तुमचा तो गोल भाषेशिवाय चालायचा नाही.

मामा : हेच तर. १९६६ च्या कायद्यानं त्यांनी पहिलीपासून इंग्रजी केलं. सत्तर-बहात्तर भाषांचा देश, एकीसाठी केलं असेल. पण घरी चेवा बोलणारं सात वर्षांचं पोर पहिल्या दिवसापासून मुकं झालं. पुढे बदललं, २०१४ मध्ये चौथीपर्यंत सात प्रादेशिक भाषांतली एक आली. कटेटेला न्यांजा, म्हणजे चेवाच जवळजवळ. तिथलं नशीब चांगलं. पेटाउकेकडे गेलं की घरी न्सेंगा आणि पुस्तकात न्यांजा. जे पोर घरच्या बोलीत आजीला शंभर प्रश्न विचारतं तेच वर्गात गप्प. त्याला आपण लाजाळू म्हणतो.

भाची : यात मी काय करू शकते?

मामा : ग्रंथालयाची खोली लहान कर, आणि त्यात गावातल्या म्हाताऱ्यांना यायला वेगळं दार ठेव, शाळेच्या फाटकातून न जाता. गोष्टी सांगायला येतील. मास्तरांनी त्या लिहून घ्याव्यात, पोरांनी वाचाव्यात. इंग्रजीही हवंच, त्याशिवाय पुढची परीक्षा निघत नाही आणि पालक रागावतील. तेही त्यांचं बरोबर आहे.

गांदोच्या ग्रंथालयात केरेनं गावातली मातीची मडकी अर्धी कापून छतात बसवली आहेत, त्यांच्या तोंडातून उजेड येतो. माझ्या मुलीला ते छत कटेटेला हवं होतं. मामानं हरकत घेतली नाही, एवढंच विचारलं की तिथल्या बाया अजून मडकी घडवतात का. तिला माहीत नव्हतं. तिनं प्रश्न लिहून घेतला. मुलींच्या संडासांवर वाद झालाच नाही. वेगळे, आतून कडीचे, पाण्याच्या जवळ आणि मुलांच्या मैदानापासून लांब. स्वयंपाकाच्या शेडीवरही नाही.

उरला होता मोठा हॉल. नकाशाचा मध्य तोच. गावसभा, नाच, नाटक, परीक्षा, सगळं तिथे.

मामा : याच्या पैशात शिक्षकांची किती घरं होतील?

भाची : तीन. कदाचित चार.

मामा : मग हॉल नको. सरकार शिक्षक नेमतं, तो येतो, राहायला जागा बघतो, आणि वशिला लावून तालुक्याच्या गावी जातो. बाई असेल तर एकटीनं कुठे राहणार? उरतात ते बिनपगारी स्वयंसेवक. तू सांगितलेलं सगळं, गट, गोल, गोष्टी, हे रोज करायला तिथे राहणारा माणूस लागतो.

भाची : गावानं मागणीत हॉल लिहिलाय मामा. तुम्हीच म्हणालात, गावाचं ऐक.

मामा : गावानं लिहिलाय की पैसे देणाऱ्यानं?

भाची : ते मला विचारावं लागेल. पण केरेनंही प्राथमिक शाळेनंतर २००४ मध्ये शिक्षकांचीच घरं बांधली, हे तुम्हाला माहीत होतं?

मामा : नव्हतं. बघ, तोही मास्तरांच्या घराकडेच वळला.

भाची : हो, पण आधी शाळा बांधून मग. शाळा बघून मुलं आली, मुलं बघून शिक्षक आले. रिकाम्या घरात कोण राहायला येईल?

हा मुद्दा अजून मिटलेला नाही. मी भावाच्या बाजूला झुकते, पण पूर्ण नाही. मोठ्या पावसात गावातली माणसं एकत्र बसतील अशी कोरडी जागा त्या गावात दुसरी नाही, आणि ज्या शाळेत पालक कधीच बसले नाहीत त्या शाळेच्या पंपाला वॉशर कोण आणणार, असा प्रश्न मुलीनं विचारला तेव्हा भावाला लगेच उत्तर सुचलं नाही. सध्या नकाशात दोन घरं आहेत, दोन बिऱ्हाडांची, सौर दिव्यांसह, वर्गांच्या आधी बांधायची. हॉलच्या जागी एक न्साका मोठी केली आहे, तिला काँक्रीटचं जोतं आणि पत्र्याचं छप्पर दिलं आहे. भावाचं म्हणणं, तिलाही गवतच हवं. मुलगी म्हणते, एवढ्या रुंदीला गवत पेलणार नाही. कागद कटेटेला गेला आहे, प्रश्नांची यादी जोडून: मडकी कोण घडवतं, पंपाचा मिस्त्री कुठे राहतो, हॉल कुणी मागितला, आणि आत्ता शिकवणाऱ्या दोन बायकांना नव्या घरांत राहायला आवडेल का, की त्यांना आधी पगार हवा आहे.